कोव्हेरिएटवाले सर

“आणि वय?”

दोनच शब्द. पडद्यावर मेंदू झळकत असतो, त्यात लाल-पिवळे डाग पेटलेले असतात, दाखवणाऱ्या मुलीचा चेहरा त्याहून उजळलेला असतो, विभागप्रमुख कौतुकानं मान डोलावत असतात. आणि शेवटच्या रांगेतून, पंख्याखालच्या खुर्चीवरून, हे दोन शब्द येतात. आवाजात कुचकेपणा नसतो, उलट काळजीच असते.

“घेतलंय, सर.”

“वा! आणि डोक्याचा आकार?”

“तोही.”

“आणि सगळे एकाच स्कॅनरवर?”

इथे मुलगी थबकते. सर खिशातून पेन्सिल काढतात. पेन्सिल निघाली की समजायचं, आज डबा अडीचच्या आधी उघडत नाही.

पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये पगारपत्रकावर ते संख्याशास्त्रज्ञ आहेत. बाकी सगळ्यांच्या तोंडी ते कोव्हेरिएटवाले सर. साठीच्या अलीकडचे, अर्ध्या बाह्यांचा चौकटीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. कोरा कागद वापरताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. प्रत्येक पाठकोऱ्या कागदावर दोन तिरप्या रेघा असतात: एक पेशंटची, एक निरोगी माणसांची. आडव्या अक्षावर वय.

या रेघांसाठी एवढा आटापिटा कशाला? एमआरआयमधून आलेला मेंदू दोन-दोन मिलिमीटरच्या ठोकळ्यांत वाटला की सव्वादोन लाखांहून जास्त ठोकळे होतात. प्रत्येक ठोकळ्यासाठी एकच समीकरण मांडायचं: इथल्या मापातला किती भाग आजाराचा, किती वयाचा, किती डोक्याच्या आकाराचा, आणि उरलेला कुणाचा ते देव जाणे. आपल्याला हवा असतो आजार. पण बाकीच्यांना, म्हणजेच कोव्हेरिएटना, समीकरणात जागा दिली नाही, तर त्यांचा वाटा गुपचूप आजाराच्या खात्यावर जमा होतो. वयाबरोबर मेंदू आकसतो. पुरुषांची डोकी सरासरीनं मोठी असतात. पेशंटांच्या गटात वयस्कर माणसं जास्त आली, तर सापडलेला निम्मा ‘आजार’ नुसता वाढदिवस असू शकतो.

या शास्त्रातलं सरांचं दैवत म्हणजे रोनाल्ड फिशर. त्याचं नाव घेताना ते गवयासारखा कानाच्या पाळीला हात लावतात. फिशर 1919 साली इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाला. कुठल्या खतानं पीक वाढलं हे सांगायचं, तर त्या वाफ्यात मुळात किती पिकत होतं ते आधी हिशेबात धरायला हवं; ते कसं धरायचं याची रीत त्यानं घालून दिली. “त्याच्या वाफ्यांच्या जागी आपल्याकडे मेंदू आले, एवढाच फरक,” सर म्हणतात. मग जरा थांबून, “आणि वाफे हलत नसत.”

हलण्याचा विषय निघाला की 2012 साल आलंच. त्या वर्षी अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं, की स्कॅनरमध्ये माणूस मिलिमीटरच्या काही अंशांनी जरी हलला, तरी मेंदूतले जवळजवळचे भाग एकमेकांशी जास्त जोडलेले दिसतात आणि लांबचे कमी. आता लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात, हे सांगायला संशोधन नको. पण तोवर असं मानलं जात होतं, की मुलांच्या मेंदूत जवळचे दुवे घट्ट असतात, लांबचे सैल, आणि वाढत्या वयात ते पालटतं. त्यातला काही भाग निव्वळ चुळबुळीचा निघाला. सरांना यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. त्या तिघांपैकी सेंट लुईसच्या गटातल्या काहींनी तो आधीचा निष्कर्षही स्वतःच मांडला होता. “स्वतःच्या निकालातून वजाबाकी! याला म्हणतात छाती,” असं म्हणून ते आपल्या किरकोळ छातीवर थाप मारतात.

एकदा एका तरुण डॉक्टरांनी सोपा उपाय सुचवला: जे पेशंट हलतात त्यांना यादीतून काढूनच टाकू. सर एवढे क्वचितच तापतात. “अहो, तो हलतो कारण तो आजारी आहे. हलणारे सगळे काढलेत तर उरतील ते सगळ्यात कमी आजारी. मग खुशाल छापा, की या आजारात मेंदूला काही होत नाही.” एरवी आल्यागेल्याला ‘हे काढा, ते काढा’ म्हणणारा हा माणूस, पण कुठल्याही पेशंटला बाहेर काढायची वेळ आली की वकील होऊन उभा राहतो.

पेन्सिल खाली ठेवली, तर मात्र घाबरायचं. मध्यंतरी असंच झालं. पेशंट सगळे साठीपुढचे, आणि तुलनेला म्हणून आणलेली निरोगी माणसं म्हणजे वसतिगृहातली पोरं. “वय घातलंय, सर,” संशोधक मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाला.

“घातलंत, पण ते निघणार नाही, राजे. तुमच्याकडे विशीतला पेशंट नाही आणि सत्तरीतला धडधाकट माणूस नाही. दोन्ही रेघा एकमेकींना कुठे भेटतच नाहीत. मॉडेल उत्तर देईल, कारण त्याला लाज नाही.”

“मग काय करू?”

“रिक्षा करा आणि ज्येष्ठ नागरिक संघात जा.”

आणि रिक्षात त्याच्या शेजारी स्वतः बसले. संघात त्यांनी असं काही भाषण केलं, की हास्यक्लबची अख्खी तुकडी दुसऱ्या आठवड्यात स्कॅनरच्या दारात हजर झाली. तिथे पुढचा घोळ झाला. चहा.

कॅफिननं मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तपुरवठा घटतो, आणि आमचा स्कॅनर तर रक्तातल्या ऑक्सिजनच्याच जोरावर मेंदूची हालचाल टिपतो. म्हणून सर दारातच उभे राहून विचारत होते, “चहा झाला का?” पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिकाला सकाळी साडेआठला हा प्रश्न विचारला की त्याला आमंत्रणच वाटतं. “दोनदा झाला, पण घेऊ की!” असं म्हणत एकेक आजोबा आत येत होते. “उद्यापासून न पिता यायला सांगू का?” असं नर्सनं विचारल्यावर सरांचा चेहरा आणखीनच पडला. कारण रोज चहा पिणाऱ्यानं एक दिवस तोडला, तर रक्तपुरवठा उलट वाढतो. पिऊन आला तरी पंचाईत, न पिता आला तरी पंचाईत. शेवटी फॉर्मवर नवा रकाना आला: ‘किती कप, किती वाजता’. एका आजींनी त्यात ‘आल्याचा, साखर कमी’ असं लिहिलं. सरांनी तेही जपून ठेवलंय.

त्यांचा दुसरा रागाचा विषय म्हणजे सरासरी. वय मॉडेलमध्ये घालताना त्यातून सगळ्यांचं सरासरी वय वजा करून घालायचं असतं, नाहीतर गटाचा आकडा निघतो तो शून्य वयाच्या माणसाचा. असा तक्ता समोर आला की सर मान वाकडी करून विचारतात, “हा निकाल नवजात बाळाबद्दल आहे. बाळ कधी आणलं होतंत?” यावर एकानं अतिहुशारी केली आणि पेशंटांची सरासरी वेगळी, निरोग्यांची वेगळी वजा केली. सर खिन्न झाले. “म्हणजे दोन गटांत वयाचा जो फरक होता, तो काढायचा सोडून तसाच जपलात की!”

एवढं ऐकून नवी पोरं घाबरतात आणि दिसेल ते मॉडेलमध्ये कोंबतात: वय, शिक्षण, नोकरीची वर्षं, उत्पन्न, चष्म्याचा नंबर. मग सर उलट्या बाजूनं भांडायला लागतात. प्रत्येक कोव्हेरिएट एक ‘डिग्री ऑफ फ्रीडम’, म्हणजे आकड्यांमधली एक मोकळीक, खातो. वीस माणसांच्या अभ्यासात पंधरा कोव्हेरिएट घातले तर उरतं काय? शिवाय वय आणि नोकरीची वर्षं हातात हात घालूनच वाढतात. “दोन जावांनी मिळून पुरण शिजवलं. कौतुक कुणाचं? मॉडेल या बाबतीत सासूपेक्षा कठोर आहे: जे सामाईक, ते दोघींपैकी कुणालाच नाही.”

कँटीनमध्ये पोहे आले की 1967 सालची फ्रेडरिक लॉर्डची गोष्ट येते. आम्हाला ती पाठ आहे, पण थांबवण्याची कुणाची टाप नाही. एका विद्यापीठाला पाहायचं असतं, की आपल्या भोजनगृहातल्या जेवणाचा मुलामुलींच्या वजनावर काय परिणाम होतो. सप्टेंबरात वजन घेतलं, जूनमध्ये पुन्हा घेतलं. मुलांची सरासरी होती तेवढीच, मुलींचीही तेवढीच. पहिला संख्याशास्त्रज्ञ म्हणतो, काही परिणाम नाही. दुसरा सुरुवातीचं वजन कोव्हेरिएट म्हणून घालतो आणि म्हणतो, सारख्या वजनानं सुरुवात केलेल्यांत मुलींपेक्षा मुलांचं वजन जास्त वाढलं. आकडे तेच, दोघांचं गणित बिनचूक. “म्हणून आधी ठरवा, तुमचा प्रश्न काय आहे. वजाबाकी नंतर.” एव्हाना पोहे गार झालेले असतात.

घरी तरी हा माणूस गप्प बसत असेल, हा आमचा भाबडा समज होता. शेजारच्या मुलीला दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले. सर पेढा तोंडात ठेवून म्हणाले, “वा! बेस्ट ऑफ फाइव्ह ना? आणि यात खेळाचे गुण किती?” काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्यांचा हात धरून त्यांना घरी नेलं. भाचीच्या स्थळाची उंची पाच फूट दहा इंच सांगितली, तेव्हा “बूट काढून?” हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला होता, पण काकूंचं लक्ष होतं. काकू आता तयार झाल्यात. सर आमटीत मीठ कमी म्हणाले, की त्या विचारतात, “येताना भेळ खाल्लीत का?” सर खाल्ल्याचं कबूल करतात आणि आमटी निर्दोष सुटते.

आमच्यापैकी कुणाचं काम रखडलं आणि विभागप्रमुख भर बैठकीत चिडले, तर सर मागून हळूच म्हणतात, “तिची आई दवाखान्यात आहे, ते धरलंत का?” विभागप्रमुखांचा आवाज खाली येतो. माणसाच्या माथी काही मारण्याआधी त्याच्या भोवतीचं सगळं हिशेबात धरायचं, ही त्यांची खोड मेंदूपुरती नाही. तिच्यापायी आमचे किती निबंध लांबले असतील ते असोत; कित्येक रागही लांबणीवर पडून विरलेत.

लॅबच्या वर्धापनदिनाला प्रमुखांनी जाहीर कौतुक केलं: “सर आल्यापासून आपले शोधनिबंध दुप्पट झाले.” टाळ्या सुरू झाल्या न झाल्या तोच सर खुर्चीतून म्हणाले, “नवा स्कॅनरही त्याच महिन्यात आला होता.”

टाळ्या अडखळल्या. नंतर आम्ही दोघा-तिघांनी खरंच मॉडेल मांडून पाहिलं. स्कॅनर आणि सर एकाच महिन्यात आल्यामुळे कुणाचा वाटा किती, हे वेगळं काढताच येईना. भीत भीत त्यांना सांगितलं. ते कमालीचे खूश झाले.

“उत्तम! मग तसंच लिहा. आणि माझं श्रेय त्या स्कॅनरला देऊ नका हं, त्यालाही सिद्ध करू दे.”