हरळीशी हद्दीचा वाद

आमच्या परसाचा सातबारा माझ्या नावावर असला तरी वहिवाट हरळीची आहे, आणि वहिवाटदाराच्या वाटेला जाऊ नये हे साताऱ्याकडच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. तरीही मी तिथे भाजीचे गादीवाफे केले. रीतसर केले. रुंदी चार फूट, म्हणजे दोन्ही अंगांनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. तळाला पुठ्ठे, वर पालापाचोळा, त्यावर कुजलेलं शेणखत घातलेली माती, कडेला विटा. हरळीने खाली जमिनीवर राहावं, वांगी-मिरच्यांनी फूटभर उंचावर, अशी वाटणी.

भांगलणीला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी कागदपत्रं तपासली.

"खाली काय हातरलंय?"

"पुठ्ठा, मावशी. उजेड मिळाला नाही की गवत मरतं."

"आन् पुठ्ठा कुजल्याव?"

"तोवर हरळी मेलेली असेल."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी फक्त खुरप्याची धार अंगठ्याने पाहिली.

हरळीचा कारभार दुमजली असतो. वर जमिनीलगत धावणाऱ्या दोऱ्या, त्यांच्या पेऱ्यापेऱ्याला मुळं. खाली पांढऱ्या, टोकदार काशा. वरची आघाडी मोडली की खालची पुढे येते. काशांचा एखादा डोळा असलेला तुकडा मातीत राहिला तरी त्याला संसार थाटता येतो. म्हणून कुदळीने तिच्यावर घाव घालणाऱ्याला शेतकरी म्हणू नये, रोपवाटिकाचालक म्हणावं.

औषधाच्या दुकानात गेलो तर मालकांनी मी तोंड उघडायच्या आत बाटली काढून ठेवली. "मारा, पंधरवड्यात पिवळी पडते." ग्लायफोसेट फवारायचं ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनी, असं बंधन केंद्र सरकारने २०२२ मध्ये घातलं, याची त्यांना आठवण करून दिली. त्यांनी माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहिलं. सेंद्रियवाला म्हटलं की गिऱ्हाईक गेलं, हे त्यांना अनुभवाने कळतं.

पण आमच्या घरात खरी हरकत तणनाशकाला नव्हती, उपटण्यालाच होती. "दूर्वा आहेत त्या," आई म्हणाली, "आणि तू त्या वाटेवर फेकतोस?" वनस्पतिशास्त्राप्रमाणे आईचं बरोबर आहे. हरळी काय नि दूर्वा काय, पुस्तकात एकच नाव, सायनोडॉन डॅक्टिलॉन. तेव्हापासून भाद्रपदात मी मंडईत जुड्या घेणाऱ्या प्रत्येक ओळखीच्याला थांबवतो. विकत कशाला, आमच्याकडून न्या, एकवीस काय एकवीसशे न्या, मुळासकट न्या! पण भाविकाला हवा असतो कोवळा, तीन पात्यांचा शेंडा. काशा कुठल्याच देवाला चालत नाहीत.

मग वैशाखात सूर्यालाच कामाला लावायचं ठरवलं. रिकाम्या वाफ्याला भरपूर पाणी द्यायचं आणि पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक ताणून त्याच्या कडा मातीत गाडायच्या. काळं नाही, ऊन आत शिरून अडकलं पाहिजे. चार ते सहा आठवडे ठेवलं की वरच्या थरातली माती इतकी तापते की तणांचं बी उकडून निघतं. आई काठी टेकत येऊन बघून गेली. गणपतीने अनलासुर गिळल्यावर त्याच्या अंगाची आग ज्या दूर्वांनी शमवली, त्यांना मी तापवून मारायला निघालो होतो! तिने एवढंच विचारलं, "पुराण वाचलंस का रे कधी?"

वरच्या चार बोटांतली हरळी खरोखर करपली. खोलवरच्या काशांनी मात्र उन्हाळी सुट्टी घेतली आणि मृगाच्या पावसाला ताज्यातवान्या होऊन आल्या. आई काही बोलली नाही. परडी घेऊन खुडायला गेली.

हरळीला जगात एकाच गोष्टीचं वावडं आहे, सावलीचं. हे एकदा कळलं की अर्धी लढाई बसून करता येते. पावसाळ्यात रिकाम्या वाफ्यात ताग दाट पेरायचा आणि फुलोऱ्यावर आला की मातीत दाबायचा. नाहीतर रताळ्याचे वेल सोडायचे. हंगाम संपला की उसाचं पाचट वीतभर जाड पसरायचं. आमच्या भागात पाचटाला तोटा नाही, उलट ते पेटवून देणाऱ्यांना तोटा नाही. उरलेली अर्धी लढाई वाफशावर. पाऊस उघडून माती हाताला चिकटेनाशी झाली की दात्याच्या अवजाराने ती सैल करायची आणि काशा न तोडता, जानवं ओढावं तशा अख्ख्या ओढायच्या. मग त्या फरशीवर मोडताना कडकड आवाज येईपर्यंत वाळवायच्या. पिंपात पाण्यात बुडवून कुजवल्या तरी उत्तम खतपाणी होतं. फक्त झाकण उघडायच्या दिवशी घरी पाहुणे नसावेत. वाफ्याभोवती वीतभर खोल चर मोकळा ठेवून दर आठवड्याला गस्त घालायची, हे आलंच. हरळी हद्दीवर मारायची असते, राजधानीत नव्हे.

(लव्हाळ्याबद्दल विचारू नका. तो गाठींतून येतो आणि प्लॅस्टिकला भोक पाडून वर डोकावतो. त्याच्याशी आमचा तह झाला आहे. त्याच्या अटी त्याने ठरवल्या.)

हद्दीचा प्रश्न आला की शेजारचे अण्णा आलेच. त्यांनी बंगल्यापुढे चौरस फुटाच्या भावाने लॉन अंथरून घेतलंय. "बर्म्युडा आहे," ते म्हणाले होते. मी गुडघे टेकून पाहिलं. तीच ती! भिंतीच्या त्या बाजूला तिला रोज फवाऱ्याने पाणी, महिन्याला खत, केस कापायला माळी. मी तिचे माहेरचे लोक पोतंभर फुकट देऊ केले, तर अण्णा म्हणाले, "नको, आमची जात वेगळी आहे." साताऱ्यात हे वाक्य गवताबद्दल मी पहिल्यांदाच ऐकलं.

परवा अण्णाच भिंतीवरून वाकले. चेहरा पडलेला.

"तुमच्याकडून काहीतरी माझ्या लॉनमध्ये घुसलंय. लाल देठ, लाल पानं. माळी उपटतो, पुन्हा उगवतं. सगळीकडे पसरलंय हो!"

माझा लाल माठ तुऱ्यावर आला होता. त्याचं बी मोहरीहून बारीक, वाऱ्याने नाहीतर चिमण्यांनी पलीकडे गेलं असणार.

"यावर काही सेंद्रिय उपाय?" अण्णांनी विचारलं.

"आहे की. लसूण आणि सुक्या मिरच्या."

अण्णांनी खिशातून पेन काढलं. "फवारायचं कसं?"

"फोडणीत."