पथ्य सुटणार कधी?

चार घड्यांची चिठ्ठी, घामानं मऊ पडलेली. नीट परीक्षेच्या तयारीला लातुरात राहणाऱ्या एका पोरानं ती माझ्यापुढं उलगडली. कांदा बंद, लसूण बंद, गहू बंद, दूध बंद, तूर बंद, हरभरा बंद, कोबी बंद. परत कधी सुरू करायचं, ते कुठंच लिहिलेलं नाही.

"किती दिवस झाले रे?"

"आठ महिने, काका."

लातूरच्या डाळमिलांतली तूर देशभर जाते. त्याच लातुरात हे पोरगं आठ महिने वरणाशिवाय भात गिळतंय.

आजाराचं नाव आयबीएस. नांदेड-लातुरात कुणी त्याला गॅस म्हणतं, कुणी कोलायटिस, कुणी "पोटच साफ होत नाही". तिन्हींवर मेडिकलमधून एकच गोळी येते, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. ती ॲसिड कमी करते. दुखतंय आतडं, त्याचं काय?

आयबीएस ओळखायचे २०१६ चे रोम निकष सांगतात: तीन महिने, आठवड्यातून निदान एक दिवस पोटात दुखतं आणि त्या दुखण्याचं नातं संडासाशी असतं. जाऊन आल्यावर ते कमी-जास्त होतं, जाण्याच्या वेळा बदलतात, शौचाचं रूप बदलतं; यातलं निदान दोन तरी असतं. रक्त तपासा, सोनोग्राफी करा, सगळं नॉर्मल. मग घरचे म्हणतात, "तुला काही झालेलंच नाही." पोरगं रात्री पोट धरून बसतं ते काय हौसेनं?

गव्हात, कांद्यात, लसणात फ्रुक्टन असतं. तूर, हरभरा, वाटाण्यात तसल्याच साखरेच्या छोट्या साखळ्या. त्या कुणाच्याच लहान आतड्यात पचत नाहीत. पुढं जाऊन पाणी ओढतात, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात, वायू धरतो. तुमच्याही पोटात धरतो. आयबीएसवाल्याच्या आतड्याला तोच ताण सोसत नाही. यात कांद्याचा काय गुन्हा?

या साखरांना २००५ मध्ये 'फॉडमॅप' हे नाव मिळालं ते मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि आहारतज्ज्ञ स्यू शेफर्ड यांच्या कामातून. त्या कमी करायच्या पथ्याच्या तीन पायऱ्या आहेत. आधी दोन ते सहा आठवडे हे पदार्थ कमी. मग एकेक परत आणायचा: तीन दिवस, रोज थोडा वाढवत, बाकी जेवण तसंच ठेवून. शेवटी जे बाधलं तेवढंच, बाधलं त्या प्रमाणात टाळायचं. आपल्याकडं चिठ्ठीवर पहिलीच पायरी उतरते.

आणि जन्मभर चिकटते.

सहा आठवड्यांत काहीच फरक नाही? मग हे पथ्य तुमचं नव्हेच, सोडून द्या. इतकं साधं वाक्य पेशंटला सांगायला किती वेळ लागतो?

नांदेडच्या दुकानांतही आता 'ग्लुटेन-फ्री' बिस्किटं दिसतात, साध्या बिस्किटाच्या कितीतरी पट महाग. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही असं स्वतःच ठरवलेल्या ५९ जणांना ओळखू न येणारे तीन प्रकारचे खाऊ दिले: एकात ग्लुटेन, एकात फ्रुक्टन, एकात दोन्ही नाही. सगळ्यात जास्त त्रास फ्रुक्टननं झाला. लोक पैसे मोजत होते भलत्याच चोरासाठी.

पण ग्लुटेन खरंच बाधणारा सिलिॲक नावाचा आजार आहे, आणि त्याची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते. आपण काय करतो? आधी गहू सोडतो, दोन महिन्यांनी लॅबमध्ये जातो, रिपोर्ट चांगला आला म्हणून पेढे वाटतो. आजार तिथंच.

आता एक नवीन टूम. रक्ताच्या एका नमुन्यात शंभर-दोनशे पदार्थांची 'फूड इनटॉलरन्स' तपासणी, हजारोंचं बिल. त्यात मोजतात आयजीजी नावाची प्रतिपिंडं. हे आयजीजी तुम्ही काय खात आलात ते सांगतं. काय बाधतं ते सांगत नाही. युरोप-अमेरिकेच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी करू नका असं केव्हाच सांगितलंय. रोज भाकरी खाणाऱ्याला भाकरी बंद करायला लावणारा रिपोर्ट घेऊन लोक माझ्याकडं आलेत. संताप होतो.

कारण भाकरीच तर हाताशी आहे! ज्वारीत ग्लुटेन नाही, फ्रुक्टनही अगदी थोडं. शिवारात तिची जागा सोयाबीननं घेतली, रेशनवर गहू-तांदूळ आला, हात चपातीला लागले. परदेशी पाकिटातलं पीठ शोधण्याआधी आजीला भाकरी मागा की.

आणि येळवणी. पुरणाची डाळ शिजवून पाणी काढतो, तेव्हा पोट फुगवणाऱ्या साखरेचा बराच भाग त्या पाण्यात उतरतो. म्हणजे पुरण थोडं हलकं होतं. मग त्याच पाण्याची आमटी करून आपण वाटीवर वाटी पितो आणि दोष पुरणपोळीला देतो.

लसणाचंही तसंच. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. पाकळ्या नुसत्या तेलात लालसर करा, झाऱ्यानं उचलून बाजूला ठेवा, मग फोडणी द्या. वास राहतो, त्रास जातो. ही युक्ती कुठल्या चिठ्ठीवर वाचलीत?

एक मात्र ध्यानात ठेवा. शौचातून रक्त, उगाच उतरणारं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. यातलं काहीही असेल तर पथ्याचा खेळ थांबवा आणि पोटाच्या डॉक्टरांकडं जा. आपल्याकडं आतड्याचा क्षयही असाच लपून येतो.

पोराबरोबर मी त्याच्या मेसवर गेलो. मावशी कढईत कांदा-लसणाचं वाटण परतत होत्या. "शंभर पोरांचं जेवण, दादा. एकट्याची फोडणी वेगळी कुठं करू?" खरंच आहे. रागवायचं कुणावर? पण पोरगं आठ महिने कोरडा भात खातंय म्हटल्यावर त्यांनी कढई उतरवली. म्हणाल्या, "मुगाचं वरण आधी काढून ठेवते. वाटण टाकायच्या आत."

भाकरी शेजारच्या गल्लीतली एक बाई देते. दोन, सकाळच्या. परीक्षेचा ताण आतड्याला पिळतो, तेही बोलून दाखवायचं ठरलं, निदान घरी फोनवर तरी.

येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, गावी जायचंय त्याला. आई विचारते, भज्जी खाऊ द्यायची का? आंबील घे म्हटलं, ताक थोडं सोसतंय का बघ. भज्जीत तूर, हरभरा, वाटाणा सगळं एकदम. ती अर्धीच वाटी. त्याआधी एकेक डाळ तपासून घे.

परवा त्यानं फिजिक्सच्या वहीचं शेवटचं पान दाखवलं. पेन्सिलनं आखलेलं.

सोम: तूर, दोन चमचे. ठीक. मंगळ: पाव वाटी. ठीक. बुध: अर्धी वाटी. संध्याकाळी थोडा गॅस, दुखलं नाही.