ओटीपी मिळणार नाही

सोसायटीतलं इंटरनेट गेलं की बाकीचे राउटरकडे बघतात, मी समोरच्या अण्णांच्या दाराकडे बघतो. दार उघडं असतं. टीपॉयवर लांबट वही, वहीवर लाल पेन आणि शेजारी स्पीकरवर टाकलेला फोन. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," फोन सांगतो.

"असणारच," अण्णा म्हणतात. "तासभर जपून ठेवलाय."

अण्णा एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. चार आण्यांचा फरक सापडेपर्यंत घरी न जाणारा माणूस. २०१९ च्या फेब्रुवारीत 'ट्राय'च्या नियमानं आपापल्या वाहिन्या निवडायची वेळ आली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी केबलवाला देईल तो पॅक मुकाट्यानं घेतला. अण्णांनी कागद आखला. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १५३ रुपये ४० पैसे. पैशाच्या वाहिन्या घेतल्याच नाहीत. काकूंची मालिका गेली, पण बेरीज जुळली. पावती मात्र १५४ ची आली. ते ६० पैसे आजही वहीत 'मागील पानावरून पुढे' येत असतात.

इंटरनेटच्या तक्रारीचा फोन म्हणजे तर बैठकच. मराठीसाठी तीन दाबा म्हटलं की अण्णा तीन दाबतात. पलीकडून "जी सर, बताइए" आलं की शांतपणे फोन ठेवतात आणि पुन्हा तीन दाबतात. (काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या त्या कंपनीकडे वर्षानुवर्षांच्या रेकॉर्ड झालेल्या असणार.)

"अण्णा, कंपनीच बदला ना," मी एकदा म्हणालो.

"तेवीस तक्रारी आहेत माझ्या तिथे," मुली उजवायच्या राहिलेल्या बापाच्या आवाजात ते म्हणाले. "त्या कोणाच्या भरवशावर टाकू?"

परवा तक्रारीच्या चौथ्या दिवशी कंपनीचा पोरगा आला. 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' हा मेसेज त्याच्याआधी दोनदा येऊन गेला होता. कोपऱ्यावर रस्ता खोदताना फायबर तुटली होती. पोरानं खाली जाऊन ती जोडली. राउटरवरचा 'लॉस'चा लाल दिवा विझला.

"काका, ओटीपी सांगा ना. त्याशिवाय कंप्लेंट क्लोज होत नाही."

"बस. चहा घे आधी. वीस मिनिटं टिकलं तर देतो."

"काका, अजून सहा कॉल आहेत हो!"

"माझे तेवीस आहेत."

चहा झाला. काकूंनी चकली दिली, तीही झाली. पोराची मांडी एकसारखी हलत होती. अखेर अण्णांनी चष्मा पुसला, मोबाइल हातभर लांब धरला आणि पगारपत्रक वाचावं तसा एकेक आकडा वाचून दाखवला.

"एक्स्पायर झाला," पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला. "दुसरा मागवतो, थांबा."

तो मागवत असतानाच कोपऱ्यावर पुन्हा जेसीबी घरघरला आणि राउटरवर लाल दिवा लुकलुकायला लागला.

"चोवीस," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.