पूर्वाश्रमीची जात

गेल्या महिन्यात एका ख्रिस्ती वधू-वर मेळाव्याचा फॉर्म हातात आला. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, पगार, मंडळी कोणती, बाप्तिस्मा झाला आहे का. इथवर ठीक. आणि मग अकरावा रकाना: पूर्वाश्रमीची जात.

भाच्यासाठी फॉर्म भरत होतो. त्याच्या पणजोबांचा बाप्तिस्मा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात झाला. त्यानंतर चार पिढ्या दर रविवारी उपासनेला बसल्या. ह्या मुलाचा पूर्वाश्रम कुठला? तो पाळण्यात होता तेव्हापासून ख्रिस्ती आहे. तरी मेळाव्याला कळायला हवं की पणजोबा महारवाड्यातून आले की मांगवाड्यातून.

हाच मुलगा अनुसूचित जातीचा दाखला मागायला गेला, तर उत्तर मिळतं: तुम्ही ख्रिश्चन, तुम्हाला तो मिळणार नाही. म्हणजे मंडळीला त्याची जात हवी आहे आणि सरकारला ती मान्य नाही. गंमत वाटावी अशी ही गोष्ट नाही, कारण दोघंही एकाच वाक्यामागे उभे आहेत. ख्रिस्ती धर्मात जात नाही.

सरकारचं वाक्य जुनं आहे. 10 ऑगस्ट 1950 रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज जवळजवळ सगळ्यांना दाराबाहेर ठेवलं. 1956 मध्ये दलित शिखांना आत घेतलं, 1990 मध्ये बौद्धांना. दोन्ही निर्णय योग्यच होते. धर्म बदलला म्हणून गावाने वागणूक बदलली नव्हती, हे संसदेने दोनदा मान्य केलं. तिसऱ्यांदा मात्र तिची जीभ अडखळली. आदिवासी माणूस ख्रिस्ती झाला तरी त्याची अनुसूचित जमात तशीच राहते. दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा दाखला जातो. अनेक राज्यांनी ह्या लोकांना इतर मागासवर्गात बसवलं, पण त्यातून मतदारसंघ राखीव होत नाही आणि अत्याचारविरोधी कायद्याचं संरक्षणही मिळत नाही.

मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवणाऱ्या एका माणसाचा खटला 1985 साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. सरकारने रस्त्यावर बसणाऱ्या दलित चर्मकारांना फुकट टपऱ्या दिल्या होत्या. ह्याच्या शेजारी बसणाऱ्यांना मिळाल्या, ह्याला नाही, कारण हा ख्रिस्ती. काम तेच, रस्ता तोच, ऊन तेच. न्यायालय म्हणालं, धर्मांतरानंतर जात टिकते एवढं दाखवून पुरत नाही. नव्या धर्मातही तिचे चटके तितकेच तीव्र बसतात, ह्याचा पुरावा आणा. पुरावा पुरेसा नव्हता. अर्ज फेटाळला गेला.

तो 'पुरावा' शब्द लक्षात ठेवा.

2025 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयापुढे एक पाळक उभा होता. गावातल्या वरच्या जातीच्या लोकांनी जातीवरून शिव्या दिल्या, मारहाण केली, अशी त्याची तक्रार होती. न्यायालयाने गुन्हा रद्द केला. तो ख्रिस्ती, म्हणून अॅट्रॉसिटी कायदा त्याच्यासाठी नाही. शिवी देणारा आधी बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही. त्याला माणूस कुठल्या वस्तीतला आहे एवढं पुरतं. मग संरक्षण द्यायच्या वेळीच धर्म का विचारायचा?

2007 मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने सांगितलं की अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा. 2022 मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं: ख्रिस्ती आणि मुस्लिम समाजात तशी अस्पृश्यता नव्हती, म्हणून 1950 चा आदेश बरोबर आहे. त्याच वर्षी ह्याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला, पुढे त्याला मुदतवाढही मिळाली. न्यायालयातली ह्याविषयीची मूळ याचिका 2004 सालची आहे. तेव्हा पहिलीत बसलेलं पोर आज नोकरीच्या रांगेत उभं आहे.

सरकारला इतकं बोललो. आता आपल्या घरात या.

तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत एक भिंत आहे. एका बाजूला दलित कॅथलिकांच्या कबरी, दुसऱ्या बाजूला बाकीच्यांच्या. पुनरुत्थानाच्या दिवशी सगळे एकत्र उठणार, असं जिथे शिकवतात, तिथे मेलेल्यांतही सोवळं पाळलं गेलं. तेव्हाच्या विळुप्पुरम जिल्ह्यातल्या एरैयूर गावात दलित ख्रिस्त्यांची अंत्ययात्रा मुख्य रस्त्याने चर्चकडे जाऊ नये, ह्यावरून तंटे पेटले. गोव्यात बामण, चारडो आणि सुदीर हे शब्द कॅथलिक घरांत आजही सोयरीक जुळवताना कानावर येतात. पहिला भारतीय कार्डिनल 1953 मध्ये झाला, मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशस. पहिला दलित कार्डिनल व्हायला 2022 उजाडलं, हैदराबादचे अँथनी पूला. ह्या देशातल्या ख्रिस्त्यांत दलित मूठभर नाहीत, पण लाल टोपी एका डोक्यावर यायला एकोणसत्तर वर्षं गेली.

बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात आपोआप धुतली जात नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर पाच वर्षं लागली. कोणाच्या हातचं प्यायचं आणि कोणाच्या हातचं नाही, ह्यावर त्या स्वतःशी किती झगडल्या हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लपवलं नाही. विटाळ मनातून काढायला काय पडतं, ते त्यांनी स्वतःवर बेतून सांगितलं. इतका खरेपणा आमच्या मंडळ्यांच्या ठरावांत मला क्वचित दिसतो. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 मध्ये जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप आहे असं धोरणात लिहून काढलं, ह्याचं मोल मी कमी करत नाही. पण धोरण दिल्लीत राहतं. अकरावा रकाना आमच्या गल्लीत छापला जातो.

शोमरोनी बाईची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. विहिरीवर दुपारी एकटी आलेली, जिच्या भांड्याला यहुदी शिवत नसत ती बाई, आणि तिच्याकडेच पाणी मागणारा येशू. पाणवठ्याचा हा प्रसंग मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. त्यावर प्रवचन ऐकून बाहेर पडायचं आणि सोयरिकीला पणजोबांची वस्ती विचारायची, हे मला सहन होत नाही.

मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. न्यायालय 1985 पासून पुरावा मागतं आहे, आणि पुरावा आमच्याच कपाटात आहे. ती भिंत पुरावा आहे. हा फॉर्म पुरावा आहे. पण दोन्ही बाहेर काढायचे तर मंडळीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी लागते, आणि तिथे आमचे वडीलधारे गप्प होतात. बाहेर धर्माची बदनामी होईल म्हणतात. आतल्या बदनामीचं काय? शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि चर्चच्या वहीत दुसरा, असं दुहेरी आयुष्य जगणारी घरं आमच्या ओळखीची आहेत. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचं दाखवणं म्हणजे राज्यघटनेची फसवणूक असं म्हटलं. त्या घरांतल्या लोकांना फसवे म्हणायची माझी छाती होत नाही. पोराची फी आणि प्रभुभोजन ह्यांतलं एक निवडायला त्यांना कोणी लावलं? आधी त्याचा हिशेब द्या.

आम्ही विश्वासणाऱ्यांना पापांची कबुली द्यायला शिकवतो. आठ वर्षांच्या मुलाला गुडघ्यावर बसवून सांगतो, खरं बोल, क्षमा मिळेल. मग बिशपांनी आणि पाळकांनी, कॅथलिक असोत की प्रोटेस्टंट, आयोगापुढे जाऊन का सांगू नये: होय, आमच्यात जात आहे, ही पाहा दफनभूमी, हा पाहा रकाना, आमच्या पापाची शिक्षा ह्या लोकांना देऊ नका.

मेळाव्याच्या आयोजकांना मी फोन केला. सभ्य माणूस. म्हणाले, "दादा, आम्हालाही पटत नाही, पण मुलीकडचे विचारतातच. नंतर मोडण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं." भाच्याला विचारलं, काय लिहू. तो म्हणाला, "मामा, मला त्या मेळाव्याला जायचंच नाही."

फॉर्म मी फाडला नाही. कोरा ठेवला आहे, प्लास्टिकच्या फायलीत, आयोगाला पाठवायच्या कागदांच्या सगळ्यांत वर.