पाच शिवाजी पार्क

परळ-लालबागच्या कुठल्याही नव्या टॉवरच्या लिफ्टमध्ये तो भेटतो. बँकेतून नाहीतर एलआयसीतून निवृत्त, डोक्यावर कडक झापाची टोपी, काखेत जाडजूड फाइल. तुम्हाला सातव्या मजल्यावर उतरायचे असते, तो राहतो तेविसाव्यावर; म्हणजे सुटका जवळ आली असे वाटते. पण तो तुमच्याबरोबर सातव्यावर उतरतो, कारण मार्च महिन्यात पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर दुपारनंतर वारा कुठून सुटतो हे सांगायचे राहिलेले असते. तुमच्या हातातल्या भाजीच्या पिशवीचे बंद बोटांत रुततात, कुलूप उघडून होते, आत कुकरची शिट्टी होते, तरी तो तिथल्या विलामोरा कोर्सच्या ग्रीन फीवरच (म्हणजे खेळण्याच्या शुल्कावरच) असतो. सोसायटीत त्याला सगळे गोल्फकाका म्हणतात. परदेशातल्या लख्ख उन्हाच्या किनाऱ्यांवर गोल्फ खेळायला जाण्याची सहल आखणे हा त्याचा पूर्णवेळ उद्योग. पोर्तुगालमधले आल्गार्व, स्पेनमधले कोस्टा देल सोल, तुर्कस्तानातले बेलेक, थायलंडमधले हुआ हिन आणि मॉरिशस, अशी फाइलमध्ये पाच रंगांचे पाच सेपरेटर. यांपैकी कुठेही तो गेलेला नाही आणि जाईल अशी लक्षणे नाहीत. तरीही माझे म्हणणे असे, की हा माणूस छळवादी असला तरी वेडा नाही. मुंबईकराला नेमके काय कमी पडते हे त्याने अचूक हेरले आहे. त्याला हसणाऱ्यांनी ते हेरलेले नाही.

पुराव्याची सुरुवात त्याच्या सर्वांत डोकेदुखीच्या सवयीपासूनच करू. जगातली प्रत्येक जागा तो शिवाजी पार्कात मोजतो. एकर-हेक्टर त्याला चालत नाहीत. शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचे. अठरा होलच्या गोल्फ कोर्सला, आटोपशीर म्हटला तरी, १४० एकर लागतात. म्हणजे पाच शिवाजी पार्क. हे सांगताना तो पंजा उघडून तुमच्या नाकासमोर धरतो. ‘पाच शिवाजी पार्क, आणि खेळणारे किती? एका गटात चौघे!’ मॉरिशस देश म्हणजे अठरा हजार शिवाजी पार्क. (हिशेब तपासून पाहा, बरोबर येतो.) पुतणीच्या लग्नाचा हॉल म्हणजे शिवाजी पार्काचा दोनशेवा भाग, ‘आणि भाडे बघा!’ लोक वैतागतात. पण हे माप ज्याने रविवारी सकाळचे खरे शिवाजी पार्क पाहिले आहे त्याला चटकन समजते. तिथे एका मॅचचा पॉइंट दुसऱ्या मॅचच्या लाँग ऑनला पाठ टेकून उभा असतो, तिसऱ्या मॅचचा चेंडू चौथीचा यष्टिरक्षक अडवतो, आणि कडेकडेने फिरायला आलेले आजोबा हेल्मेट नसल्याबद्दल देवाचे नाव घेत चालतात. एवढ्या वर्दळीची जागा ज्याचे एकक आहे, त्याच्या तोंडी ‘पाच’ हा आकडा येतो तेव्हा तो नुसते क्षेत्रफळ सांगत नसतो.

पहिला आक्षेप घरातूनच येतो. ‘अहो, ऊन आणि समुद्रच पाहिजे तर चौपाटीवर चला की, येताना भाजीही होईल.’ काकूंचा मुद्दा बिनतोड आहे. गिरगावची चौपाटी आहे, दादरची आहे, वरळीचा कट्टा आहे; नोव्हेंबर ते मे पाऊस जवळपास नसतो आणि ऊन मागितल्याशिवाय मिळते. खरे पाहता गोल्फच्या या किनारी सहली निघाल्या त्या दुसऱ्याच लोकांच्या गरजेतून. इंग्लंड-स्वीडनमधल्या माणसाला हिवाळ्यात चार वाजता अंधार गाठतो, मैदान गोठते नाहीतर चिखल होतो, म्हणून तो दक्षिणेला पळतो. आल्गार्वमधला पहिला अठरा होलचा कोर्स, पेनिना, १९६६ साली सुरू झाला. तो हेन्री कॉटन या इंग्रज खेळाडूने उभारला तो चक्क भातशेतीच्या पाणथळ जमिनीवर, पाणी शोषून घ्यायला हजारो झाडे लावून. आणि स्वतःची गोल्फची पिशवी वाहायला त्याने गाढव ठेवले होते. गाढवापेक्षा भातशेतीने काका हेलावून जातो, कारण त्याची स्वतःची भातखाचरे गुहागरकडे पडून आहेत आणि तिथूनही समुद्र दिसतो. फक्त सातबाऱ्यावर चुलत-चुलत मिळून नावेच अठरा आहेत, तेव्हा होल पाडायचे कोणाच्या वाटणीत? ते असो. मुद्दा असा की ऊन आणि समुद्र यांसाठी त्याने एवढा खटाटोप केला असता तर तो मूर्खच ठरला असता. पण फाइल उघडून पाहिली तर उन्हाचे तक्ते कोरेच्या कोरे असतात. लाल पेनाने अधोरेखित काय आहे? दोन गटांच्या सुरुवातीत आठ-दहा मिनिटे जाऊ देतात, म्हणजे पुढचा गट पार लांब गेल्यावरच आपण चेंडू ठेवायचा. या वाक्याखाली दोन रेघा आहेत. दादरच्या पुलावर ज्याने छत्तीस वर्षे पुढच्याच्या टाचेवर पाय ठेवून काढली, त्याने या ओळीखाली तिसरी रेघही मारली असती तरी मी हरकत घेतली नसती.

दुसरा आक्षेप, की हा सगळा बडेजाव आहे. हा टिकत नाही. बडेजाव मिरवायला आधी जाऊन यावे लागते. युरोपला जाऊन आलेला माणूस ओळखू येतो: तो मोबाइल पुढे करतो आणि आयफेल टॉवर संपेपर्यंत परत घेत नाही. काका काही दाखवत नाही, तो विचारतो. मलागा विमानतळावर गोल्फची बॅग वेगळ्या पट्ट्यावर येते का? मॉरिशसला इल-ओ-सर्फच्या कोर्सवर होडीने जावे लागते, तर चेंडू पाण्यात गेला की होडीवाला थांबतो का? त्याला उत्तर देण्याच्या लायकीचा माणूस लालबागमध्ये सापडत नाही, हा त्याचा दोष नव्हे. ‘पण त्याला गोल्फ तरी कुठे येतो?’ असेही म्हणतात. तेही अर्धेच खरे. त्याच्या टॉवरच्या आठव्या मजल्यावर, पोडियमवर, बिल्डरने माहितीपत्रकात ‘पटिंग ग्रीन’ म्हणून छापलेली जागा आहे. प्लास्टिकच्या गवताचा पट्टा आणि त्यात तीन भोके; एकात गेल्या पावसाळ्याचे पाणी, दुसऱ्यात चिप्सचे पाकीट. उरलेल्या तिसऱ्यावर काका रोज सकाळी साडेसहाला हजर असतो. नियमाप्रमाणे पिशवीत चौदा काठ्या चालतात. त्याच्याकडे एक आहे, मुलाने न्यू जर्सीहून आणलेली. गोल्फच्या भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर असावा लागतो. काकाने फूटपट्टी लावून पाहिले तर ते कमी भरले. बिल्डरने भोकातसुद्धा कार्पेट एरिया मारला, हे त्याचे वाक्य आता सोसायटीच्या सभांमध्ये इतर विषयांवरही वापरले जाते.

मग इथेच कुठेतरी खेळा की, हा तिसरा आक्षेप आणि वरवर पाहता सर्वांत वजनदार. मुंबईत गोल्फ नाही असे थोडेच आहे? ताडदेवला विलिंग्डन क्लब आहे, चेंबूरला १९२७ सालचा बॉम्बे प्रेसिडेन्सी आहे, कुलाब्याच्या टोकाला, अगदी समुद्रालगत, यू. एस. क्लब आहे. विलिंग्डनची तर कथाच मोठी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनने तो काढला तो गोऱ्यांच्या क्लबांत भारतीयांना मज्जाव होता म्हणून. आज तिथे वर्णाची अट नाही. फक्त सभासद व्हायला शक्यतो सभासदाच्या पोटी जन्माला यावे लागते. कुलाब्याचा क्लब मुख्यतः सैन्यदलांच्या अधिकाऱ्यांचा. राहता राहिले खारघर, तिथे सिडकोने सर्वांना खुला गोल्फ कोर्स केला आहे. यावर काकाचे उत्तर ठरलेले: ‘खारघरला समुद्र नाही.’ इथे माझा युक्तिवाद अडचणीत येतो, कारण त्याला समुद्र नकोच आहे असे मी आत्ताच सिद्ध करून बसलो. पण जरा विचार करा. मोकळ्या जागेच्या तीन बाजू कधी विकल्या जातील याचा नेम नसतो. निदान चौथ्या बाजूला समुद्र असला म्हणजे तिकडून टॉवर उठणार नाही. अर्थात बॅकबेचा आणि कोस्टल रोडचा भराव पाहिलेल्या माणसाला आपल्या समुद्राची ही खात्री देता येत नाही. म्हणून त्याला परदेशातला लागतो.

सहल कंपन्यांशी त्याचे जमत नाही, यात नवल नाही. केसरीने १९८४ पासून आणि वीणा वर्ल्डने २०१३ पासून मराठी मध्यमवर्गाला जग दाखवले, खाण्यापिण्याची घरच्यासारखी सोय करून दाखवले, हे तो मान्य करतो. पण चाळीस जण एका बसमध्ये? त्यासाठी आठ हजार किलोमीटर कशाला जायचे, बेस्टची ६६ नंबर आहे की! व्हिसाची तयारी मात्र कडेकोट: पस्तीस बाय पंचेचाळीसचे फोटो, तीस हजार युरोच्या वैद्यकीय विम्याचे कोटेशन, कव्हरिंग लेटरचे सात मसुदे. अर्ज भरत नाही, कारण खिडकीपलीकडच्या बाईने ‘तुमचा गोल्फचा हँडिकॅप किती?’ असे विचारले तर काय सांगायचे हे ठरलेले नाही.

इथवर हसून झाले. आता त्याच्या फाइलचे शेवटचे पान, जे तो आपणहून दाखवत नाही. त्या पानावर परदेश नाही. तिथे ना. म. जोशी मार्गावरची बीडीडी चाळ आहे, १६० चौरस फुटांची खोली, जिच्यात तो सातजणांत वाढला. रात्री कॉरिडॉरमध्ये झोपायचे आणि अभ्यासाला जिन्यातल्या दिव्याखाली बसायचे. काकाने आपल्या मापाने हिशेब मांडला आहे. एका शिवाजी पार्कात अशा साडेसात हजार खोल्या बसतात, वर मजला न चढवता. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग मिळून मूळच्या २०७ चाळी, दर चाळीत ८० खोल्या, म्हणजे सोळा हजारांवर बिऱ्हाडे. ती सगळी जमिनीवर शेजारी शेजारी मांडली तरी अडीच शिवाजी पार्क भरत नाहीत. सोळा हजार कुटुंबांची अख्खी दुनिया, बाळंतपणांपासून बाराव्यापर्यंत, एका गोल्फ कोर्सच्या निम्म्यात मावते आणि वर नऊ होल खेळायला जागा उरते. ज्याने हे गणित एकदा केले त्याला विलामोराचे वेड लागणे अगदी स्वाभाविक आहे. वेड न लागणाऱ्यांचेच मला नवल वाटते.

त्या हिशेबाखाली आणखी एक ओळ आहे: गिरण्या, २१ शिवाजी पार्क. मुंबईतल्या ५८ गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९८२ चा संप झाला, अडीच लाख कामगारांचे काय झाले ते गिरणगावात कोणाला सांगायला नको. १९९१ च्या नियमावलीने ढोबळमानाने ठरवले होते की या जमिनीचा एक तृतीयांश भाग शहराला मोकळा मिळावा, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. म्हणजे सात शिवाजी पार्क आपल्या हक्काची होती, चालत जाण्याच्या अंतरावर. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली: वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची, बांधकामाखालची वगळून. गिरणी म्हणजे बांधकामच, तेव्हा वाटायला उरले काय? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नियमाचा अर्थ शहराच्या बाजूने लावला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. कामगारांच्या वारसांना सोडतीत २२५ चौरस फूट, आणि टॉवरवाल्यांना पोडियमवर तीन भोके.

‘म्हणून काय गोल्फची भलामण करायची?’ असे कोणी म्हणेल. करू नये. पाचपाच शिवाजी पार्कांवर चौघाचौघांनी फिरावे आणि गवताला पाणी पाजावे, हा खेळ मुंबईने मागवून घ्यावा अशातला नाही. त्या सात पार्कांत गोल्फ नव्हे, पोरांनी डबा-ऐसपैसच खेळायला हवे होते. काकालाही हे पटते. तो तसा न्यायी माणूस आहे. पण मिळाले नाही त्याबद्दल त्याने मोर्चा काढला नाही, पक्ष बदलला नाही, कोणाला शिव्याही दिल्या नाहीत. त्याने फक्त फाइल केली, आणि आपल्या वाट्याची मोकळी जागा जिथे अजून शिल्लक दिसते तिथले वारे, भाडे आणि विमानांच्या वेळा टिपत बसला. तेव्हा उद्या तो तुमच्याबरोबर सातव्या मजल्यावर उतरलाच, तर पिशवी खाली ठेवा आणि पाच मिनिटे ऐकून घ्या. पंजा नाकासमोर येईल, येऊ द्या. ‘निघताय कधी?’ एवढे मात्र विचारू नका.