शेवटचा दिवस पकडून

सहलीचे दिवस कसे मोजायचे याबद्दल आमच्या घरात एकमत नाही. नवरा निघाल्यापासून परत येईपर्यंतचे सगळे दिवस मोजतो, कारण पैसे त्याने भरलेले असतात. सासूबाई रात्री मोजतात, कारण परक्या अंथरुणावर त्यांचा डोळा लागत नाही. मुलं मोजतच नाहीत. त्यांना शाळेच्या आदल्या रात्रीपर्यंत सुट्टीच असते. आणि मी शेवटचा दिवस वगळून मोजते. शेवटच्या दिवसाला सुट्टी म्हणणं म्हणजे मांडव सोडायला आलेल्या माणसांना वऱ्हाडात धरण्यासारखं आहे.

त्यातून ही नाताळची सुट्टी. आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं. मराठी शाळेला 25 डिसेंबर हा एक दिवस मिळायचा आणि उरलेला महिना स्नेहसंमेलनाच्या तालमींत जायचा. मोठी सुट्टी दिवाळीची. आता मुलं इंग्रजी शाळेत घातल्यामुळे ख्रिस्तजन्माचा आनंद आम्हांला चांगला आठवडाभर साजरा करावा लागतो. आणि तो कोकणात जाऊन करायचा, असा पुण्यात अलिखित नियम आहे. आम्ही मुरुडला गेलो होतो. दापोलीच्या मुरुडला, जंजिऱ्याच्या नव्हे. (हा खुलासा केल्याशिवाय मुरुडला जाताच येत नाही.) तिथे किनाऱ्यावर आमच्याच सोसायटीतली इतकी मंडळी भेटली की सोसायटीची वार्षिक सभा तिथेच उरकता आली असती. कोरम पूर्ण होता.

शेवटचा दिवस सकाळी उजाडत नाही. तो आदल्या रात्री, ऐन जेवणाच्या पानावर उजाडतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी उकडीचे मोदक वाढले. मी मोदकाचं नाक मोडून आत तूप सोडलं, आणि ते सारणात उतरायच्या आत नवरा म्हणाला, “उद्या सातला निघू.”

प्रत्येक सहलीत कुणीतरी “सातला निघू” म्हणायचंच असतं. म्हणणाऱ्याचाही त्यावर विश्वास नसतो. पण ते एकदा उच्चारलं की मोदक मोदक राहत नाही. धाकट्याने विचारलं, “का? उद्या समुद्र बंद आहे?”

रात्री बॅगा भरायला घेतल्या. येताना जी बॅग एका हाताने बंद झाली होती, तिच्यावर आता नवरा बसला तरी चेन अर्ध्यावर अडत होती. आम्ही विकत काहीच घेतलं नव्हतं. वाढले होते ते फक्त ओले कपडे. समुद्रात भिजलेले कपडे कधीही पुरते वाळत नाहीत, हे ज्याने लहान मुलं समुद्रावर नेली आहेत त्याला सांगायला नको. कापडात मीठ राहतं आणि ते हवेतला दमटपणा ओढून घेतं. दुपारच्या उन्हात पापडासारखी कडक झालेली चड्डी रात्री पुन्हा गिळगिळीत. शिवाय वाळू. ती खिशांत होती, मोज्यांत होती, टूथब्रशच्या डबीत होती. किनाऱ्यांची धूप होते म्हणून तज्ज्ञ चिंतेत असतात. त्यांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या न्हाणीघरांच्या जाळ्या एकदा उघडून बघाव्यात.

सकाळी सात वाजता सगळे जागे होते आणि कुणीही निघत नव्हतं. “शेवटचं एकदा समुद्रावर” असा ठराव मुलांनी मांडला. नवरा मोबाइलवर भरतीची वेळ शोधू लागला, पण रेंज नव्हती. सासूबाईंनी काकूंच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “द्वादशी. बारांची पाऊणपट नऊ. नऊला पूर्ण भरती. जायचं तर आत्ता जा.”

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून तो जमतो. थोरलीने हा चमत्कार वहीत उतरवून घेतला आणि विचारलं, “आजी, तुला पाऊणचा पाढा येतो?” आजींनी उभ्या उभ्या पाऊणकी म्हणून दाखवली. शाळांनी पावकी, निमकी, पाऊणकी कधीच सोडून दिली; समुद्र अजून त्याच पाढ्यावर चालतो.

किनारा निम्म्याहून कमी उरला होता. पाण्याच्या कडेला कुरव पक्ष्यांचे थवे बसले होते. यांतले काही थेट लडाख, मध्य आशियाकडून येतात, ही माहिती मी मुलांना दिली. “आणि परत कधी जातात?” थोरलीने विचारलं. “मार्चच्या सुमाराला.” तिने पक्ष्यांकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. तीन-चार महिन्यांची रजा मंजूर होणाऱ्या नोकऱ्याही जगात असतात, आपला बाबाच काहीतरी चुकीचं शिकला, असा तो अर्थ होता.

मुलांनी शेवटचा किल्ला बांधायला घेतला. हर्णैचा सुवर्णदुर्ग दोन दिवस आधी पाहून झाला होता, त्यामुळे किल्ला पाण्यातच हवा होता. पहिल्या लाटेत तटबंदी गेली.

“तो खरा किल्ला कसा नाही पडत?” धाकटा.

“तो दगडाचा आहे रे,” बाप म्हणाला.

“मग दगड आण ना.”

त्यानंतर प्रवासासाठी घातलेल्या इस्त्रीच्या पँटीत, घड्याळात साडेआठ वाजले असताना, एक कर्ता पुरुष मुरुडच्या किनाऱ्यावर दगड वाहताना लोकांनी पाहिला. त्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही होते.

परत आल्यावर शिंपल्यांची छाननी ठेवली होती. प्रत्येकी एकच पिशवी, असं मी जाहीर केलं होतं. काकूंच्या अंगणात थंडीच्या दिवसांत सुपारी वाळत असते. नारिंगी, पिवळी, तपकिरी, एकेक दिवस उन्हाने रंग बदलत गेलेली. तिच्या कडेला मुलांनी आपला माल ओतला. फुटका शिंपला ठेवायचा की टाकायचा यावर कडाक्याचं भांडण चालू असताना धाकटा एकदम गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “आई, एक सुपारी चालतेय.”

खरंच चालत होती. जवळ जाऊन पाहिलं तर ती सुपारी नव्हती, सुपारीएवढा तपकिरी शंख होता. त्याच्या तोंडातून बारीक लालसर पाय बाहेर आले होते आणि तो मोठ्या निश्चयाने फाटकाच्या दिशेने निघाला होता. बोट लावलं की पाय आत, दार बंद. दहा आकडे मोजले की आधी दोन मिशा बाहेर, मग डोळे, मग पाय, आणि स्वारी पुढे चालू. शंखातला खेकडा. याला पाठीमागे स्वतःचं कवच नसतं. मऊ अंग लपवायला तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो, आणि वाढला की थोरला शंख बघून घर बदलतो.

“म्हणजे भाड्याने राहतो,” नवरा म्हणाला.

“भाडं न देता,” सासूबाई म्हणाल्या. त्यांची सदाशिव पेठेत जुन्या भाडेकरूंनी अडवलेली एक खोली आहे.

धाकट्याला तो पुण्याला न्यायचा होता. आपल्याकडे दोन बेडरूम आहेत, हा त्याचा मुद्दा. त्याने घर बरोबर आणलंय, हा थोरलीचा. काकूंनी पडवीतून निकाल दिला, “घाटातच मरेल हो तो. सोडून या बघू आधी.”

म्हणजे पुन्हा समुद्र. आता मात्र ओहोटी लागली होती. चकचकीत ओल्या वाळूवर इवल्या खेकड्यांनी मोहरीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची रांगोळी घालून ठेवली होती. शंख पाण्याशी ठेवला. तो जागचा हलेना. सगळे श्वास रोखून उभे. नवरा एकदा घड्याळाकडे आणि एकदा शंखाकडे बघत होता, आणि दोघांपैकी कुणीच त्याचं ऐकत नव्हतं. “खारं पाणी नको बाई, अंगाला खाज सुटते” म्हणून आठवडाभर सुरूच्या सावलीत बसलेल्या सासूबाई नऊवारी नव्हे पण पाचवारीच खोचून सरळ घोट्याभर पाण्यात उतरल्या. मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, “आता काय, निघायचंच आहे.”

मोठ्या माणसांना समुद्र असा जाताजाता सापडतो. इतके दिवस ऊन फार, वारा फार, कपडे भिजतील, पाय पोळतील. निघायचं नक्की झालं की साडी भिजली तरी चालते. मुलांना पहिल्या दिवशीच निघायचं असल्यासारखं वागता येतं, एवढाच काय तो फरक.

शंखाने अखेर पाय बाहेर काढले, एक लाट आली आणि तो आपल्या घरासकट गेला. धाकट्याने विचारलं, “त्याची पण उद्या शाळा आहे?”

मग काकूंचा निरोप. कोकणातून रिकाम्या हातांनी निघणं अशक्य असतं. नारळ, कोकमं, फणसपोळी, आगळाची बाटली. “काकू, गाडीत जागा नाही हो,” म्हटलं तर म्हणाल्या, “मांडीवर घ्या.” आगळाची बाटली मांडीवर घेऊन प्रवास करणं हे तिचं बूच घट्ट असेल तरच शहाणपणाचं. तो रंग कपड्यावरून जात नाही. मी ती बाटली नवऱ्याच्या इस्त्रीच्या पँटीच्या हवाली केली. त्या पँटीला गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. थंडी अशीच राहिली, ढग आले नाहीत, तर मोहोर टिकेल; मग मे महिन्यात आंब्याला या, असं काकू म्हणाल्या. सातला निघणारी गाडी जेवूनच एकला निघाली.

मंडणगडची वळणं सुरू झाली आणि धाकट्याचा चेहरा फिका पडला. सासूबाईंनी आवळासुपारी पुढे केली. मुलाचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून नवऱ्याने गोष्ट सुरू केली. मुरुडच्या महर्षी कर्व्यांची. ते सतराएक वर्षांचे असताना परीक्षेसाठी ऐन पावसाळ्यात मुरुडहून सह्याद्री चढून साताऱ्याला चालत गेले. चार दिवस चालत. आणि तिथे पोचल्यावर, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, असं सांगून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही.

गाडीत शांतता पसरली.

“मग?” थोरली.

“मग काय, परत आले.”

“कसे?”

“चालत.”

“आजी, त्यांना आवळासुपारी दिली होती का कुणी?” धाकट्याने विचारलं. ध्येय, जिद्द, पुढे शंभराव्या वर्षी भारतरत्न, हा सगळा भाग नवऱ्याच्या तोंडात तसाच राहिला, कारण गाडी तातडीने बाजूला घ्यावी लागली. गोष्टीमुळे की वळणांमुळे, ते कळलं नाही.

लोणेऱ्याला महामार्गाला लागलो आणि माणगावच्या अलीकडे थांबलो. म्हणजे आम्ही थांबवली नाही, गाडी थांबली. नाताळच्या सुट्टीचा शेवटचा दिवस मुरुडला किंवा गुहागरला साजरा होत नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सगळ्या किनाऱ्यांवरची माणसं तो माणगावात एकत्र येऊन साजरा करतात. या महामार्गाचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हा आमचं लग्नही व्हायचं होतं. पुढेमागे सगळीकडे त्याच गाड्या, टपावर त्याच बॅगा, मागच्या काचेला चिकटलेले तेच नारळ आणि खिडक्यांत तेच मलूल चेहरे. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून न विचारता सांगितलं, “आम्ही सातला निघणार होतो.”

मुलांना मात्र नवं गाव सापडलं होतं. शेजारच्या गाडीत त्यांच्याच वयाची दोन मुलं होती. खिडकीतून खिडकीत आधी जिभा दाखवून झाल्या, मग शिंपल्यांची देवाणघेवाण झाली. फुटक्या शिंपल्याला, ज्याच्यावरून सकाळी रक्तपात होता होता राहिला होता, एक अख्खा मिळाला. खारे शेंगदाणे विकणारा पोरगा त्या अर्ध्या तासात इतक्या वेळा आला की सासूबाईंनी त्याला शाळा, इयत्ता, आईचं नाव, सगळं विचारून घेतलं. थोरलीने बराच हिशेब करून जाहीर केलं, “बाबा, कर्व्यांनी बरोबर केलं. चालत लवकर पोचतो.”

ताम्हिणी अंधारात पार केला. घरी पोचलो तेव्हा मुलं झोपली होती, म्हणजे त्यांना, नारळांना आणि आगळाला तीन मजले वर न्यायचं काम आपोआप आमच्याकडे आलं. लिफ्ट बंद होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या आईचा फोन आला. धाकट्याला विचारलं, काय काय पाहिलंस रे राजा? समुद्र, किल्ला, कुरव, एवढा पैसा ओतून दाखवलेलं सगळं तो सांगेल म्हणून आम्ही कान देऊन बसलो. तो म्हणाला, “आजी, एक सुपारी चालली. आणि मग आम्ही गाडीत बसलो तर ती चाललीच नाही!” इतकं हसला की फोन खाली पडला.

न्हाणीघराच्या जाळीतली वाळू काढता काढता नवरा म्हणाला, “ठरलं. पुढच्या वेळी एक दिवस आधी निघायचं. म्हणजे शेवटचा दिवस घरी, आरामात.”

सासूबाई कोकमं निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तू कधीही नीघ बाबा. आदल्या रात्री मोदक वाढून झाले की मग बोल, म्हणजे झालं.”