रेंज आली का, गुरुजी?

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले, २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कारही मिळवला. आता खिशातला मोबाइल म्हणजे शैक्षणिक साधन. साधन गुरुजींचं, रिचार्ज गुरुजींचा. माहिती तेवढी वरच्यांना हवी.

परवा एका मित्राच्या वर्गात बसलो होतो. विषय भूगोल, पाठ पृथ्वीच्या परिवलनाचा. पुस्तकातला कोड तेलकट बोटांनी पुसट झालेला. गुरुजींनी मोबाइल वर धरला, खाली धरला, खिडकीशी नेला, शेवटी स्वतःच खुर्चीवर चढले. रेंज आली. तीस पोरं वीतभर काचेवर वाकली. मागच्यांना दिसला तो पुढच्याच्या डोक्यावरचा भोवरा. काचेवरही चक्रच गरगरत होतं.

"गुरुजी, हीच का पृथ्वी?"

व्हिडिओ सुरू झाला न झाला तोच ग्रुपवर फर्मान: आज खिचडी किती जणांनी खाल्ली, तातडीने भरा. पाठोपाठ दुसरं: परवा लावलेल्या रोपांचे फोटो, अक्षांश-रेखांशासह. (भूगोलच तो, तक्रार कसली?) गुरुजी मोबाइल घेऊन अक्षांश शोधायला कुंपणापाशी गेले.

तोवर मॉनिटर पोरीने खडूने फळ्यावर गोल काढून त्याला आस जोडला होता. जरासा कललेला.